क्षमता नव्हे, नदी मोजा

पुण्याचा मुळा-मुठा प्रदूषण नियंत्रण प्रकल्प केंद्र सरकारने जानेवारी २०१६ मध्ये मंजूर केला, तेव्हा त्याचा खर्च ९९० कोटींच्या घरात होता. जपानच्या ‘जायका’ संस्थेचे कर्ज मिळूनही पायाभरणीला मार्च २०२२ उजाडले आणि खर्च १,४७० कोटींच्या पुढे गेला. या प्रकल्पातून अकरा नवी शुद्धीकरण केंद्रे आणि रोज ३९६ दशलक्ष लिटरची क्षमता मिळायची आहे. जुन्या केंद्रांची ४७७ धरली तर बेरीज ८७३ होते. नदीसुधारणेच्या चर्चेत हाच आकडा पुढे केला जातो. पण क्षमता म्हणजे शुद्धीकरण नव्हे. आपण क्षमता मोजतो आणि नदी मोजायची राहून जाते.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ च्या अहवालानुसार देशातल्या शहरांत रोज ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी तयार होते. उभारलेली क्षमता ३१,८४१, पण प्रत्यक्षात प्रक्रिया होते ती फक्त २०,२३६ दशलक्ष लिटरवर. म्हणजे बांधलेल्या क्षमतेपैकी एक तृतीयांशाहून अधिक वापराविना पडून आहे. कुठे केंद्र तयार असते, पण वस्तीतली ड्रेनेजलाइन तिथपर्यंत पोचत नाही. मैलापाणी ओढ्यात आणि ओढ्यातून थेट नदीत जाते. कुठे यंत्रे बंद असतात. पुण्यात २०१७ मध्ये अकरा आणि २०२१ मध्ये तेवीस गावे महापालिकेत आली. इमारती आधी उभ्या राहिल्या, वाहिन्या मागाहून निघाल्या. अशा ठिकाणी नदीकाठी कितीही टाक्या बांधल्या तरी त्यांच्यापर्यंत मैलापाणी पोचणारच नाही.

आपल्या हवामानात ही चूक अधिक महाग पडते. पाऊस चार महिन्यांचा. उरलेले आठ महिने खडकवासला धरणाच्या खाली मुठेत धरणाचे पाणी नावापुरतेच येते, त्यामुळे घाण पातळ करायला प्रवाह उरत नाही. कोमट पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि जिवाणू तो झपाट्याने संपवतात. केंद्राच्या टाकीतल्या जिवाणूंनाही हवा अखंड लागते. वीज काही तास गेली तर प्रक्रिया बिघडते आणि ती पुन्हा बसायला दिवस लागतात. पुण्यातून सुटलेले हे पाणी मुळा-मुठेतून भीमेला मिळते आणि उजनी धरणात साठते. तेच सोलापूरकर पितात. पंढरपूरचा वारकरी त्याच भीमेत स्नान करतो. शुद्धीकरणाचा खर्च पुण्याने टाळला तरी तो मिटत नाही, सोलापूरच्या माथी जातो.

यावर आक्षेप येतो की केंद्रेच नसतील तर वाहिन्या टाकून मैलापाणी न्यायचे कुठे? आक्षेप रास्त आहे आणि नवी केंद्रे हवीच आहेत. मुद्दा आहे तो पैसा आणि लक्ष कुठे जाते याचा. मोठ्या केंद्राचे उद्घाटन होते, फलक लागतो. घराघरांतली ड्रेनेजची जोडणी कोणाच्या डोळ्यांत भरत नाही, म्हणून ती मागे पडते. दुसरा आक्षेप देखभालीच्या खर्चाचा. वीज, कुशल माणसे आणि गाळाची विल्हेवाट यांना दरवर्षी पैसा लागतो हे खरेच. पण मग तो अंदाजपत्रकात पहिल्या दिवसापासून स्वतंत्र दाखवायला हवा. शिवाय शुद्ध केलेले पाणी पुन्हा वापरता येते. मुंढव्याच्या जॅकवेलमधून ते शेतीसाठी कालव्यात सोडण्याची व्यवस्था आहेच. त्या पाण्याचा दर्जा राखला तरच शेतकरी त्यावर विश्वास ठेवेल आणि धरणातल्या पिण्याच्या पाण्यावरचा ताण हलका होईल.

म्हणून महापालिकेकडे मागणी एकच असावी: प्रत्येक केंद्रात रोज किती मैलापाणी आले, बाहेर पडताना त्याचा दर्जा काय होता आणि शहराच्या खाली नदीत प्राणवायू किती उरला, हे तीन आकडे दररोज जाहीर करा. ठेकेदाराचे बिलही याच आकड्यांवर निघू द्या. पुढच्या निवडणुकीत मत मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला नागरिकांनी केंद्रांची संख्या विचारू नये. आपल्या प्रभागातली किती घरे अजून ओढ्याला जोडलेली आहेत, हे विचारावे.