रंगाआधी पत्रा उतरवा

मोटारीमागे जोडून प्रवासाला न्यायची चाकांवरची खोली, म्हणजे ट्रॅव्हल ट्रेलर. अमेरिकेत १९५०-६० च्या सुमारास हे ट्रेलर पुष्कळ खपले. आज तेच जुने ट्रेलर विकत घेऊन सुटीच्या दिवशी घरच्या घरी दुरुस्त करण्याची हौस तिकडे आहे. हौसेला आमचा विरोध नाही. परंतु पहिला खर्च रंगावर आणि पडद्यांवर करणे आम्हाला साफ नामंजूर आहे.

'शास्ता'सारख्या ट्रेलरचा सांगाडा लाकडी पट्ट्यांचा, आत प्लायवूड, बाहेर ॲल्युमिनियमचा पत्रा. छताच्या कडांची आणि खिडक्यांभोवतीची पुट्टी वाळली की पाणी आत शिरते. पत्र्याला तांबेरा चढत नाही, त्यामुळे बाहेरून सारे ठाकठीक. आत मात्र लाकडाचा हाताने भुगा होतो. कारखान्यात आधी आतली भिंत, मग सांगाडा आणि शेवटी पत्रा बसवीत. म्हणून दुरुस्ती बाहेरून सुरू करावी लागते. पत्रा उतरवायचा, कुजलेली पट्टी नमुना म्हणून जपायची, तिच्या मापाची नवी कापायची, सांध्यांना ब्युटाइल टेप लावायची. आमच्या सुतार बंधूंना हे काय सांगावे!

गॅसची नळी आणि ब्रेक यांत मात्र हौस नको. प्रोपेन हवेपेक्षा जड, गळला की फरशीलगत साचतो, आणि तिथे मुलेबाळे झोपतात. ते काम कसबी माणसाचेच. महिनेन्‌महिने फुकट राबणारा हौशी मालक नेमकी हीच मजुरी देताना घासाघीस करतो, हे आम्हाला पटत नाही.