गाडी माझी, प्रश्न भाच्याला

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. फलटणहून दहिवडीला निघाले होते. मागे मावशी बसल्या होत्या. मावशी आमच्या गटातल्या, वय साठीच्या पुढे. नवरा वारल्यावर सातबाऱ्यावर वारस म्हणून त्यांचं नाव लागायचं होतं, पण दिराने हरकत घेतली होती. त्या हरकतीची सुनावणी दहिवडीच्या तहसील कचेरीत सकाळी अकराला होती. कागद नीट लावायला मावशी आदल्या रात्रीच माझ्याकडे मुक्कामाला आल्या होत्या.

मोगराळे घाट लागला आणि गाडीचं काहीतरी बिनसलं. मूठ पिळली की इंजिन ओरडायचं, पण गाडी पुढे सरकायची नाही. गिअर खाली घेतला, तरी तेच. जळकट वास यायला लागला. मावशी उतरून चालू लागल्या. मी गाडी ढकलत त्यांच्या मागे. तासाभराने एका पिकअपवाल्याने गाडीसकट आम्हाला दहिवडीला सोडलं. कचेरीत पोचलो तेव्हा दीड वाजला होता. अकरा वाजता पुकारा झाला, दीर हजर होता आणि "बाई येतच नाहीत," असं त्याने सांगून टाकलं होतं. हातापाया पडून पुढची तारीख मिळाली, ती दीड महिन्यानंतरची.

हे एवढं सविस्तर सांगते आहे, कारण गाडी बंद पडणं ही आपल्या कामात किरकोळ बाब नाही. महाराष्ट्रात मार्च 2023 पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. त्याचा फायदा आहेच. पण वाडीवस्तीवर एसटी जात नाही आणि बैठक संपते तेव्हा शेवटची गाडी निघून गेलेली असते. म्हणून मी जुनी शंभर सीसीची मोटरसायकल घेतली. स्कूटीची लहान चाकं माणच्या खडीच्या रस्त्यावर टिकत नाहीत. आठ वर्षं ती गाडी चालवते आहे. आणि या आठ वर्षांत मी तिच्या आत एकदाही डोकावले नव्हते.

दहिवडीत माझा भाचा कॉलेजला असतो. गाडी पिकअपमधून उतरवायला त्याला बोलावलं होतं. आम्ही तिघं रस्त्यावरच्या एका गॅरेजात गेलो. गॅरेजवाल्याने भाच्याला विचारलं, "काय होतंय?" भाच्याने माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं. पुढचा प्रश्न पुन्हा भाच्यालाच, "किती किलोमीटर झाली?" उत्तर मी दिलं. त्याने ऐकलं भाच्याकडे बघत. ज्या मुलाने ही गाडी कधी चालवली नाही त्याला तो विचारत होता, आणि जिने आठ वर्षं चालवली ती शेजारी उभी होती. पाच मिनिटांत निकाल लागला. "गिअरबॉक्स गेलाय. इंजिन उतरवून फोडावं लागेल. अकरा-बारा हजार धरा." वर भाच्याला सल्लाही, "मॅडमना एखादी स्कूटी घेऊन द्या की!"

मी विचारलं, "नेमकं काय गेलंय?"

"तुम्हाला नाही कळणार ते."

मैत्रिणींनो, मला राग आला, पण त्याहून जास्त लाज वाटली. कारण त्याचं म्हणणं खरं होतं. मला खरंच कळत नव्हतं. पोलीस ठाण्यात गेलेल्या बाईला मी सांगते, फिर्यादीची प्रत मागा, ती फुकट द्यावीच लागते. दवाखान्यात गेलेल्या बाईला सांगते, पिशवी काढायची म्हणतात तर का ते विचारा, दुसऱ्या डॉक्टरला दाखवा. आणि मी स्वतः, बारा हजाराच्या कामाला, मान हलवून "बरं" म्हणायच्या बेतात होते. बाहेर आलो तेव्हा मावशी म्हणाल्या, "ताई, तुमची गाडी आन माजा सातबारा, दोनी परक्याच्याच हातात की हो."

त्या वाक्याने मला जागं केलं. गाडी तिथे दिली नाही.

कचेरीबाहेर एक ओळखीची आशाताई भेटली. ती रोज स्कूटरवर चार गावं फिरते. तिला विचारलं, "तू कुणाकडे जातेस?" तिने बाजारतळाशेजारच्या एका मिस्त्रीचं नाव सांगितलं. पत्र्याची शेड, पाटी नाही, वयस्क माणूस. त्यांनी पहिलाच प्रश्न केला, "चालवतं कोण?" मी म्हटलं, "मी." मग ते माझ्याशीच बोलले. इंजिनचा आवाज चढतो आणि वेग चढत नाही, असं होतं का? गिअर आपोआप सुटून न्यूट्रल होतो का? गिअर टाकताना कचकच होते का? तेल कधी बदललं, कुठलं टाकलं? क्लचची तार कुणी ओढली होती का?

या प्रश्नांनी मला गाडी शिकवली. गिअर सुटत नव्हता, कचकच नव्हती. म्हणजे गिअरबॉक्सवर संशय घ्यायचं कारण फारसं नव्हतं. आवाज चढतो पण वेग नाही, चढावर जास्त, आणि जळका वास, म्हणजे क्लच घसरतो आहे. मिस्त्रींनी एक चक्कर मारून खात्री केली. मग क्लचची दांडी दाखवली. ती बोटाने हलवल्यावर टोकाशी दहा ते वीस मिलिमीटर मोकळी हलली पाहिजे. माझी अजिबात हलत नव्हती.

महिन्यापूर्वी क्लच जड वाटतो म्हणून शेजारच्या मुलाबरोबर गाडी एका दुकानात पाठवली होती. तिथे तार ताणून बसवली होती आणि हाताशी असलेलं तेल भरून दिलं होतं. मी पाहिलं नाही, विचारलंही नाही.

क्लच म्हणजे काय, हे मिस्त्रींनी उघडूनच दाखवलं. भाकरीवर भाकरी ठेवावी तशा चकत्यांची चळत असते. स्प्रिंगा त्यांना एकमेकींवर दाबून धरतात, म्हणून इंजिनची ताकद चाकापर्यंत जाते. आपण दांडी दाबतो तेव्हा तो दाब सुटतो. तार कायम ताणलेली असेल तर दाब कायम अर्धवट सुटलेला राहतो. चकत्या एकमेकींवर घासतात, तापतात, जळतात. माझ्या काळ्या पडल्या होत्या. मोटरसायकलचं इंजिन, क्लच आणि गिअर एकाच तेलात असतात. चारचाकीच्या बऱ्याच तेलांत घसरण वाढवणारी द्रव्यं असतात, ती या क्लचला चालत नाहीत. मोटरसायकलच्या तेलाच्या डब्यावर 'जासो एमए' किंवा 'एमए२' असा शिक्का असतो, तो पाहून घ्यायचा. आणि मुख्य गोष्ट, या गाडीत क्लच उजव्या बाजूच्या झाकणाआड असतो. ते झाकण उघडलं की काम होतं. इंजिन उतरवून फोडावं लागतं ते आतल्या गिअरसाठी. बारा हजार आणि माझं बिल यांतला फरक एवढाच होता. चकत्या, झाकणाचं पॅकिंग, तेल आणि मजुरी मिळून 1,640 रुपये. किंमत उघडण्याआधी सांगितली होती. जुन्या चकत्या कागदात गुंडाळून माझ्या हातात दिल्या.

आता यावरून "चांगला माणूस भेटला, नशीब!" असं म्हणून थांबायचं का? माझं म्हणणं आहे, नाही. आपला विश्वास कुणाच्या चांगुलपणावर आणि आपल्या नशिबावर सोडून चालणार नाही. विश्वासाचा मिस्त्री कसा ओळखावा याच्या काही साध्या खुणा आहेत, आणि त्या प्रत्येकीला पाठ हव्यात. तो निकाल देण्याआधी प्रश्न विचारतो. गाडी जी चालवते तिच्याशी बोलतो. स्वतः चालवून पाहतो. उघडण्याआधी अंदाज सांगतो आणि उघडल्यावर खर्च वाढणार असेल तर काम थांबवून विचारतो. जुना भाग परत देतो. बिल देतो. "हे आत्ता बदलायची गरज नाही," असंही कधीतरी म्हणतो. आणि असा मिस्त्री शोधायचा तर रोज गाडी चालवणाऱ्या बाईला विचारा. आशाताई, परिचारिका, शिक्षिका, मासे विकणारी बाई. तिची गाडी बंद पडली की त्या दिवसाची कमाई बुडते, म्हणून तिची माहिती पक्की असते.

बिलाबद्दल थोडं. आपण ते संकोचाने मागत नाही. 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै 2020 पासून लागू आहे. पैसे देऊन करून घेतलेली दुरुस्ती ही त्यात सेवा धरली जाते, आणि बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा. आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. वकील लागत नाही. पाच लाखांपर्यंतच्या सेवेला फी नाही. मुदत दोन वर्षांची. आधी सल्ला हवा असेल तर 1915 हा राष्ट्रीय हेल्पलाइनचा क्रमांक आहे. पण हातात कागद नसेल तर यातलं काही उपयोगाचं नाही.

हे वाचून काहीजणी म्हणतील, पुरुषांना तरी कुठे सगळं कळतं? तेही फसतात. बरोबर आहे. पण पुरुष फसतो तेव्हा "गॅरेजवाल्याने फसवलं" असं म्हणतात. बाई फसली की "बाईला गाडी कशाला?" असं म्हणतात. तिच्या फसण्याची शिक्षा तिच्या फिरण्याला होते. माझ्या आजूबाजूला अशा दोघीजणी आहेत, ज्यांची गाडी एकदा बिघडली आणि मग ती कायमची मुलाच्या हातात गेली.

दुसरा आक्षेप जास्त महत्त्वाचा. आमच्या गटातली एक म्हणाली, "आमच्याकडे गाडीच नाही, आम्हाला याचं काय?" तिला मी हातपंपाची आठवण दिली. उत्तर प्रदेशातल्या बांदा जिल्ह्यात नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला महिला समाख्याच्या कार्यक्रमात गावातल्या निरक्षर, दलित बायका हातपंप दुरुस्त करायला शिकल्या. पाणी भरायचं बाईने आणि पंप उघडायचा पुरुषाने, ही वाटणी त्यांनी मोडली. त्याच सुमाराला तामिळनाडूतल्या पुदुक्कोट्टैमध्ये साक्षरता मोहिमेत हजारो बायका सायकल शिकल्या. अक्षर आणि चाक ही एकाच स्वातंत्र्याची दोन अंगं आहेत, हे त्या मोहिमेला कळलं होतं. आपण अक्षराचं काम पुष्कळ केलं. यंत्राला मात्र आपण "ते पुरुषांचं" म्हणून दारातच ठेवलं. शिलाई मशीन तेवढं आत घेतलं, आणि त्याचीही दुरुस्ती करायला पुरुषच येतो!

आणखी एक गोष्ट मला या मिस्त्रींमुळे दिसली. ते नवव्या वर्षी हाताखालचं पोर म्हणून गॅरेजात लागले. त्यांच्याकडे कसलंही प्रमाणपत्र नाही. आवाजावरून बिघाड ओळखणारं त्यांचं ज्ञान कुठल्या कागदावर नाही, आपल्या सुईणींचं नव्हतं तसंच. म्हणून गॅरेजवाला म्हणजे शत्रू, असं मी म्हणणार नाही. पहिल्याने बहुधा ठरवून फसवलं, कदाचित त्याला खरंच कळलं नसेल. ते तपासण्याइतकं ज्ञान माझ्याकडे नव्हतं, आणि माझा मुद्दा तोच आहे. पुरेसं ज्ञान असलं की दोन्ही प्रकारच्या माणसाशी बोलता येतं.

मग करायचं काय? आमच्या गटाने सुरुवात केली आहे. महिन्याच्या बैठकीचा एक तास गाडीला दिला. मिस्त्रींना बोलावलं, त्यांच्या तासाचे पैसे दिले. साखळी किती सैल असावी, ब्रेक कसा तपासावा, तेलाची कांडी कशी पाहावी, हे हात काळे करून शिकलो. ज्यांच्या बिनगिअरच्या स्कूटर आहेत त्यांना कळलं की गिअरची दांडी नसली तरी आत पट्टा असतो, आणि तो ठरावीक किलोमीटरनंतर बदलावा लागतो. तो आकडा गाडीच्या पुस्तिकेत छापलेला असतो. प्रत्येकीने एक वही घातली, तारीख, किलोमीटर, काय केलं, किती पैसे. आणि तालुक्यातल्या विश्वासाच्या मिस्त्रींची एक यादी करतो आहोत, आपल्या अनुभवावरून. पुढचं मागणं आयटीआयकडे आहे. मोटार मेकॅनिकचा ट्रेड मुलींना बंद नाही, पण प्रवेशाच्या वेळी मुलींना शिवणाकडे वळवलं जातं. हे थांबवायला गावोगावच्या गटांनी जाऊन बसायला हवं.

पुढच्या तारखेला आम्ही अर्धा तास आधीच पोचलो. मावशींनी स्वतः कागद पुढे केले, कोणता कशाचा ते स्वतः सांगितलं. निकाल अजून यायचा आहे. परत येताना घाट उतरून सपाटीला लागलो तेव्हा मागून त्यांनी विचारलं, "ताई, आवाज बरा हाय न्हवं?" मी म्हटलं, "बरा आहे." त्या म्हणाल्या, "मलाबी तसंच वाटलं."

तुमच्या गटात गाडी कोण चालवतं आणि ती बिघडली की कोण बोलतं, हे एकदा बैठकीत विचारून पाहा. उत्तर आम्हाला जरूर कळवा.