इंजिनाच्या हवेचे तोंड आणि रस्त्यावरचे पाणी

मोटारीच्या इंजिनाला बॉनेटखालच्या तापलेल्या हवेऐवजी बाहेरची गार हवा मिळाली तर त्याची ताकद थोडी वाढते, हे तत्त्व निर्विवाद आहे, आणि ‘कोल्ड एअर इनटेक’ नावाची जोडणी याच तत्त्वावर विकली जाते. या जोडणीत कारखान्यातून आलेली बंद फिल्टरपेटी काढून टाकतात, तिच्या जागी रुंद, गुळगुळीत नळी बसवतात आणि नळीच्या टोकाला, बंपरच्या कोपऱ्यात किंवा चाकावरच्या मडगार्डच्या पोकळीत, शंकूच्या आकाराचा उघडा फिल्टर लावतात. वाद आहे तो या उघड्या टोकाच्या जागेचा. नगर (अहिल्यानगर, पूर्वीचे अहमदनगर) शहराच्या सावेडीसारख्या उपनगरात, जेथे पावसाळ्यातील एखाद्या जोरदार सरीनंतर सखल चौकांत पाणी साचते, तेथे ही जागा रस्त्यापासून जेमतेम फूटभर उंचीवर असावी काय, एवढाच खरा प्रश्न आहे.

पूर्वपक्षाचा, म्हणजे या जोडणीच्या समर्थकांचा, पहिला युक्तिवाद असा की, पावसात हवा गार असते, गार हवा दाट असते आणि म्हणून पावसाळा हाच या जोडणीचा खरा हंगाम होय. हिशेब मांडला की हा युक्तिवाद टिकत नाही. हवेचे तापमान 10 अंश सेल्सिअसने उतरले तर तिची घनता सुमारे 3 टक्क्यांनी वाढते. परंतु 25 अंशांच्या, बाष्पाने भरलेल्या पावसाळी हवेत जवळपास तेवढाच, म्हणजे 3 टक्क्यांच्या आसपास वाटा पाण्याच्या वाफेचा असतो आणि तेवढा प्राणवायू घटतो. कोणी म्हणेल की ही घट दोन्ही प्रकारच्या गाड्यांना सारखीच सोसावी लागते, आणि ते बरोबरच आहे; पण मग तुलना राहते ती फक्त दोन तोंडांशी असलेल्या तापमानाची. आजच्या बहुतेक गाड्यांत कारखान्याची नळीही समोरच्या जाळीमागून किंवा हेडलाइटच्या वरच्या बाजूने बाहेरचीच हवा घेत असते. भर उन्हाळ्यात वाहतूक तुंबली असता दोहोंत काही अंशांचा फरक पडत असेल. भर पावसात, जेव्हा बॉनेटच भिजून निवालेले असते, तेव्हा तो आणखी आक्रसतो. ज्या ऋतूत लाभ सर्वांत कमी त्याच ऋतूत धोका सर्वांत जास्त, असा हा व्यवहार आहे. (समुद्रसपाटीपासून सुमारे 650 मीटर उंचीवरच्या नगर शहरात हवेचा दाब मुळातच सुमारे 7 टक्क्यांनी कमी असतो, हे दोन-तीन टक्क्यांसाठी हळहळणाऱ्यांच्या सहसा लक्षात येत नाही.)

तथापि, विरोधकांनीही या जोडणीवर काही अवाजवी दोष लादले आहेत आणि त्यांचेही खंडन करणे न्यायाचे ठरेल. पावसाची भुरभुर झाली की उघड्या फिल्टरमधून पाणी शिरून इंजिन निकामी होते, हे खरे नव्हे. हवेबरोबर आलेले तुरळक थेंब तापलेल्या सिलिंडरमध्ये वाफ होऊन निघून जातात. एवढेच नव्हे, तर दुसऱ्या महायुद्धातील लढाऊ विमानांच्या इंजिनांत पाणी आणि मिथेनॉल यांचे मिश्रण मुद्दाम फवारून अधिक ताकद मिळवली जात असे. ओल्या हवेने होणारा त्रास वेगळा आणि किरकोळ आहे. भिजलेला फिल्टर हवा अडवतो, तेल लावलेल्या सुती फिल्टरमधले तेल आणि ओल हवेचे प्रमाण मोजणाऱ्या संवेदकाच्या तारेवर बसते, आणि मग गाडी अडखळत चालते. याने गाडी बिघडते, पण मोडत नाही.

मोडते ती साचलेल्या पाण्याने, आणि त्यामागचे कारण साधे आहे: हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. 1200 सीसीच्या चार सिलिंडरांच्या पेट्रोल इंजिनात प्रत्येक सिलिंडर एका शोषणात साधारण 300 मिलिलिटर हवा मागतो आणि ती दाबून सुमारे 33 मिलिलिटरच्या पोकळीत बसवतो. नळीचे तोंड क्षणभर पाण्याखाली गेले आणि त्या पोकळीपेक्षा अधिक, म्हणजे दोन-तीन मोठे चमचे पाणी एका सिलिंडरमध्ये शिरले, की वर येणारा पिस्टन त्यावर आदळतो. पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा, ज्याला कनेक्टिंग रॉड म्हणतात, तो वाकतो, आणि वेग जास्त असेल तर तुटून इंजिनाच्या ब्लॉकला भोक पाडतो. गॅरेजमध्ये ‘इंजिनाने पाणी ओढले’ असे म्हणतात ते हेच. डिझेल इंजिनात हवा अधिक दाबली जात असल्याने ही पोकळी तुलनेने आणखी लहान असते, म्हणून तेथे गय आणखी कमी.

यावर पूर्वपक्ष म्हणतो की, नगर हा पर्जन्यछायेचा मुलूख, येथे वर्षाला साडेपाचशे-सहाशे मिलिमीटरच पाऊस, तेव्हा ही भीती मुंबईकरांनी बाळगावी. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला, तसा येथे पडत नाही, हे मान्य. परंतु इंजिनाला वर्षाची सरासरी ठाऊक नसते. नगरचा पाऊस बराचसा सप्टेंबरमध्ये आणि थोड्या वेळात कोसळतो. सीना नदीला पूर आला की कल्याण रस्त्यावरच्या पुलाची वाहतूक थांबते, हे नगरकरांना नवे नाही. आणि सावेडीतली हौशी गाडी पावसाळ्यात घरी बसत नाही, ती त्याच रस्त्याने माळशेज घाटात जाते किंवा अकोले तालुक्यात भंडारदऱ्याला, जेथे पर्जन्यछाया संपलेली असते. शिवाय पाण्याची उंची केवळ खोलीवर ठरत नाही. समोरून एसटी आली की तिच्या चाकांपुढची लाट लहान गाडीच्या बंपरवर चढते, आणि वीतभर पाणी घटकाभर हातभर होते.

दोन बचाव आणखी उरतात. नळीत मध्यावर बसवलेली बायपास झडप, म्हणजे खालचे तोंड बुडाले की वरून हवा आत सोडणारी पडदेवजा सोय, ही टर्बो नसलेल्या इंजिनात काही अंशी उपयोगी पडते. टर्बो असलेल्या गाडीत तिच्यावर विसंबता येत नाही. फिल्टरवर चढवायचे पाणीरोधक कापड शिंतोडे अडवते, पण बुडालेल्या फिल्टरला ते वाचवू शकत नाही.

मंडनाचा पक्ष यातूनच उभा राहतो: पावसाळी प्रदेशात हवेच्या तोंडाची उंची हा पहिला गुण, तापमान दुसरा आणि नळीचा व्यास त्यानंतरचा. कारखान्याची कुरूप, काळी पेटी हा गुण जपते. तिचे तोंड उंच असते, पेटीच्या रुंद पोटात हवेचा वेग मंदावून थेंब खाली पडतात आणि पुष्कळ पेट्यांच्या तळाशी ते निथळून जाण्यासाठी बारीक छिद्र ठेवलेले असते. हाच विचार टोकाला नेलेला पाहायचा असेल तर नगरकरांना लांब जावे लागत नाही. भारतीय सैन्याच्या चिलखती दलाचे प्रशिक्षण केंद्र याच शहरात आहे, आणि त्या दलाचा टी-72 रणगाडा पूर्वतयारीनंतर सुमारे 5 मीटर खोल पाण्याच्या तळावरून जातो तो स्नॉर्केलमुळे, म्हणजे हवा पाण्याच्या वरून घेणाऱ्या उभ्या नळकांड्यामुळे. गाडीला स्नॉर्केल लावणाऱ्यांनी मात्र त्याचा प्रत्येक सांधा आणि मागची पेटी हवाबंद आहे की नाही हे तपासावे, नाहीतर तोंड छपरावर आणि भोक बंपरमागे अशी स्थिती होते.

हौस सोडवत नसेल त्याने जूनच्या आरंभी मूळ पेटी परत बसवावी आणि दिवाळीनंतर हवे ते लावावे. हे काम पानापेचकसाचे आहे. विम्यावर भिस्त ठेवणेही धाडसाचे, कारण साध्या सर्वंकष पॉलिसीत इंजिनाने पाणी ओढल्याची भरपाई सहसा मिळत नाही, त्यासाठी इंजिन संरक्षणाची वेगळी पुरवणी लागते, आणि न कळवलेला फेरबदल दाव्याच्या वेळी आडवा येऊ शकतो. पाण्यात गाडी बंद पडलीच तर पुन्हा सेल्फ मारू नये. ढकलून कोरड्या जागी आणावी, फिल्टर पाहावा, आणि तो ओला निघाला तर पेट्रोल गाडीचे प्लग, डिझेल गाडीचे इंजेक्टर मेकॅनिककडून काढून सिलिंडरमधले पाणी बाहेर पडल्याशिवाय चावीला हात लावू नये.