मोबदला, मेहेरनजर आणि प्रेक्षक

फ्लोरिडातील ऑर्लँडो शहराजवळ डिस्ने आणि युनिव्हर्सल या दोन कंपन्यांनी जी विस्तीर्ण करमणूक-उद्याने उभारली आहेत, त्यांत कॅमेरा हाती घेऊन रोज हिंडावे, नव्या राइडमध्ये बसावे, नवे खाद्यपदार्थ चाखावेत, कोणत्या रांगेत किती वेळ मोडतो आणि डागडुजीसाठी काय बंद आहे याची खबर द्यावी, आणि या सर्वाची चित्रफीत यूट्यूबवर चढवून त्यावर आपला संसार चालवावा, असा एक व्यवसाय आता चांगलाच स्थिरावला आहे. या थीम पार्क व्लॉगरांना पैसा कसा मिळतो हा प्रश्न निघाला की त्यांच्या प्रेक्षकांत दोन तट पडतात. पहिल्याचे म्हणणे असे की मौजमजा करण्याचा मोबदला घेणे हीच मुळात अप्रामाणिकता आहे, आणि ज्या दिवशी व्लॉगरच्या हाती पैसा पडला त्याच दिवशी त्याच्या शब्दाची किंमत गेली. दुसऱ्याचे म्हणणे असे की पाहण्यासाठी तुम्हाला एक छदामही मोजावा लागत नाही, तेव्हा त्याने पैसे कोणाकडून आणि किती घेतले याची चौकशी करण्याचा तुम्हाला अधिकार नाही. हे दोन्ही पक्ष मला अमान्य आहेत. पहिला अन्यायाचा आहे म्हणून, आणि दुसरा न्यायाचा वेश घेऊन प्रेक्षकाचा एक खरा हक्क बुडवतो म्हणून.

पहिल्या पक्षाच्या मुळाशी अशी समजूत दिसते की या उद्यानांवरचे प्रेम आणि पैसा यांची गाठ न पडलेला असा एखादा निर्मळ काळ पूर्वी होऊन गेला, आणि व्लॉगरांनी तो नासवला. इतिहासाचा दाखला याच्या नेमका विरुद्ध आहे. कॅलिफोर्नियातील अ‍ॅनाहाइम येथील पहिल्या उद्यानासाठी वॉल्ट डिस्ने यांना भांडवल कमी पडू लागले, तेव्हा एबीसी या दूरचित्रवाणी कंपनीने पाच लाख डॉलर गुंतवले आणि पंचेचाळीस लाख डॉलरपर्यंतच्या कर्जाला ती जामीन राहिली; मोबदल्यात तिला उद्यानात सुमारे एक तृतीयांश भागीदारी मिळाली आणि दर आठवड्याला दाखवण्यासाठी एक मालिका मिळाली. ऑक्टोबर १९५४ मध्ये सुरू झालेल्या त्या मालिकेचे नावच ‘डिस्नेलँड’ होते, आणि १७ जुलै १९५५ रोजी उद्यानाचे दार उघडले तेव्हा त्या सोहळ्याचे थेट प्रक्षेपण करणाऱ्या निवेदकांत, पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेले रोनाल्ड रेगनही होते. कॅमेरा, जाहिरात आणि उद्यान ही तिन्ही अशी एकाच करारनाम्यातून जन्मास आली आहेत. जे काम प्रत्यक्ष मालकाने लक्षावधी घरांच्या बैठकीत शिरून केले, तेच एखाद्या सामान्य माणसाने स्वतःच्या कॅमेऱ्याने केले म्हणजे मात्र ते दूषित ठरावे, याला मी न्याय म्हणणार नाही.

आणि हे काम नव्हे असे म्हणणाऱ्याने त्यातील श्रमाचा विचार केलेला नसतो. फ्लोरिडातील ऑगस्टच्या दमट उन्हात दिवसभर चालणे, गर्दीच्या कोलाहलात सलग बोलत राहणे, आणि घरी परतल्यावर त्या साऱ्या चित्रणातून दुसऱ्या दिवशीच्या भागाचे संकलन करणे, असा हा क्रम सणवार न पाहता चालतो. खर्चही थोडाथोडका नाही. १९७१ साली डिस्ने वर्ल्ड उघडले तेव्हा प्रौढ माणसाला साडेतीन डॉलरांत आत जाता येत असे, अर्थात राइडची तिकिटे निराळी. २०२२च्या नाताळात तेथील मॅजिक किंगडमचे एका दिवसाचे तिकीट १८९ डॉलरांवर गेले होते. ज्याला हे परवडत नाही, किंवा आजारपणामुळे वा वयामुळे ज्याचे पाय तेथवर पोहोचू शकत नाहीत, असा मोठा प्रेक्षकवर्ग रोज संध्याकाळी या चित्रफिती लावून बसतो आणि त्यांतून त्याला खरेखुरे सुख मिळते. ते सुख त्याच्या घरी आणून पोचवणाऱ्याने मेहनताना घेतला तर त्यात लाज वाटण्याजोगे काही नाही.

मात्र मेहनताना घेण्याचा हक्क मान्य केला म्हणजे तो कोणाकडून घेतला हा प्रश्न मिटत नाही, उलट येथूनच तो खरा सुरू होतो. व्लॉगरच्या उत्पन्नाच्या बाबी अनेक आहेत, आणि प्रत्येक बाब त्याला निराळ्या दिशेने ओढते. एक हजार वर्गणीदार आणि वर्षभरात चार हजार तासांचे प्रेक्षण ही अट पूर्ण केली की यूट्यूब जाहिरातींच्या उत्पन्नातील ५५ टक्के वाटा व्लॉगरला देते. चित्रफीत आठ मिनिटांहून लांब असेल तर तिच्या मध्येही जाहिराती घालता येतात. २०२०पूर्वी ही मर्यादा दहा मिनिटांची होती. पाच मिनिटांत सांगून होण्यासारखी गोष्ट का लांबत जाते, याचा उलगडा एवढ्याने पुष्कळसा होतो. सभासदत्वाच्या मासिक शुल्कातील ७० टक्के व्लॉगरकडे येतात, आणि पेट्रियनसारख्या मंचावरून चाहते त्याला थेट वर्गणी देतात. या पैशाचा दोष असला तर एवढाच, की वर्गणीदार नाराज होतील असे बोलण्याचे धैर्य हळूहळू कमी होते. टी-शर्ट आणि पिशव्या यांच्या विक्रीविषयी कोणाची फारशी तक्रार नसते. सहलीची नोंदणी करून देणाऱ्या प्रवासी संस्थेकडून मिळणारी दलाली, आणि सुट्टीच्या घरांत राहण्याचे सभासदांचे हक्क (‘पॉइंट’) भाड्याने देणाऱ्या कंपन्यांचे प्रायोजन, या बाबी मात्र अधिक नाजूक आहेत. कारण ज्याला प्रत्येक नोंदलेल्या सहलीमागे दस्तुरी मिळते, त्याच्या तोंडून ‘यंदा येऊ नका, ही रक्कम तुमच्या ऐपतीबाहेरची आहे’ हे वाक्य निघणे कठीण असते. त्र्यंबकेश्वरी वा पंढरपुरी क्षेत्रोपाध्याय दक्षिणेवर जगतो हे प्रत्येक यात्रेकरूला ठाऊक असते आणि त्याने त्याचा मान कमी होत नाही. पण ज्या धर्मशाळेत उतरा म्हणून तो सांगतो, तेथून त्याला गुपचूप वाटा पोचत असेल तर यात्रेकरूची फसवणूक होते, मग ती धर्मशाळा उत्तम का असेना.

याहूनही ज्या बाबीचा विचार व्हायला हवा, आणि जी जमाखर्चाच्या वहीत कधीच चढत नाही, ती म्हणजे कंपनीची मेहेरनजर. नवी राइड किंवा नवे हॉटेल सर्वांसाठी खुले होण्याआधी निवडक व्लॉगरांना बोलावले जाते. प्रवेश, भोजन, कधी मुक्काम, हे यजमानाकडून असते, आणि या सर्वांहून मोलाचे असते ते इतरांच्या आधी चित्रण करण्याचे भाग्य, कारण पहिल्या दिवशीची चित्रफीत जितकी पाहिली जाते तितकी पुढची पाहिली जात नाही. येथे कोणी स्तुती करण्याची अट घालण्याची गरज नसते. पुढचे आमंत्रण येईल की नाही हे पाहुण्याला माहीत नसते, आणि ही अनिश्चितताच कोणत्याही लेखी अटीपेक्षा अधिक कडक अंमल बजावते. निषेधाचा शब्द ओठांवर येतो, सौम्य होतो, आणि शेवटी ‘सर्वांनाच हे आवडेल असे नाही’ एवढ्यावर भागते. रोख लाच घेणाऱ्या माणसाला आपण लाच घेतली हे तरी कळत असते. मेहेरनजरेखाली वावरणाऱ्याला आपण प्रामाणिकच आहोत असे मनापासून वाटत असते, आणि म्हणूनच त्याच्यावर विश्वास टाकणारा प्रेक्षक अधिक असहाय असतो.

‘स्टार वॉर्स: गॅलॅक्टिक स्टारक्रूझर’ या डिस्ने वर्ल्डमधील हॉटेलची हकिगत या संदर्भात मुद्दाम सांगण्यासारखी आहे. दोन रात्रींच्या मुक्कामाला दोघांमिळून किमान ४,८०० डॉलरांच्या घरात दर असलेले हे हॉटेल १ मार्च २०२२ रोजी उघडले. त्याआधी आमंत्रित पत्रकार आणि व्लॉगर तेथे राहून आले होते. ३० सप्टेंबर २०२३ रोजी, म्हणजे दीड वर्षाच्या सुमारास, ते कायमचे बंद झाले. पुढे मे २०२४ मध्ये जेनी निकल्सन या यूट्यूबवरील समीक्षक बाईंनी, स्वतःच्या खिशातून भाडे भरून केलेल्या मुक्कामाच्या आधारे, सुमारे चार तासांची चित्रफीत प्रसिद्ध केली आणि त्या अनुभवाचे उणेपण तपशीलवार मांडले. एवढी दीर्घ मीमांसा लक्षावधी लोकांनी पाहिली. आता या चित्रफितीनेही उत्पन्न मिळवले, आणि निकल्सन यांना वर्गणी देणारे चाहते आहेतच. पैसा शब्दाला भ्रष्ट करतो हा पहिल्या पक्षाचा सिद्धांत खरा असता, तर अशी परखड मीमांसा निर्माणच झाली नसती. ‘डिफंक्टलँड’ या यूट्यूब वाहिनीचे केव्हिन पर्ज्युरर यांनी २०२१ साली डिस्नेच्या, रांग टाळून राइडमध्ये बसू देणाऱ्या फास्टपास योजनेवर केलेला माहितीपट, ज्यासाठी रांगांची वर्तणूक तपासायला संगणकावर एक काल्पनिक उद्यान रचण्यात आले, हाही असाच, प्रेक्षकांच्या आश्रयावर उभा राहिलेला अभ्यास आहे. उत्पन्न आमंत्रित व्लॉगरलाही आहे आणि या दोघांनाही आहे, पण ते थांबवण्याची सत्ता निरनिराळ्या हातांत आहे. आणि ज्याच्या हातात ती सत्ता असते त्याच्या भीतीने माणूस बोलतो वा गप्प बसतो, हाच माझ्या सर्व म्हणण्याचा गाभा आहे.

म्हणून ‘फुकट पाहता, तर प्रश्न विचारू नका’ हे दुसऱ्या पक्षाचे म्हणणे मला अधिक घातक वाटते. प्रेक्षक फुकट पाहत नाही. त्याचा वेळ जाहिरातदाराला विकला जातो, आणि त्याच्या विश्वासावर दलाली मिळते. न्यू जर्सीत वा कॅलिफोर्नियात स्थायिक झालेली मराठी कुटुंबे भारतातून आलेल्या आईवडिलांना घेऊन ऑर्लँडोची सहल आखतात, तेव्हा कोणत्या हॉटेलात उतरावे, रांग टाळण्याच्या ‘लायटनिंग लेन’ सोयीसाठी जादा पैसे भरावेत की नाही, सत्तरीच्या माणसाला एवढे चालणे झेपेल का, या प्रश्नांची उत्तरे ती अशाच चित्रफितींत शोधतात, आणि त्या उत्तरांवर हजारो डॉलर खर्च होतात. त्यांना विचारण्याचा अधिकार नाही असे कोणत्या तोंडाने म्हणावे?

प्रेक्षकांच्या नाराजीला मत्सर म्हणून निकालात काढणे हेही तितकेच चुकीचे आहे. डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोन अभ्यासकांनी १९५६ सालीच दाखवून दिले होते की पडद्यावरून आपल्याशी थेट बोलणाऱ्या माणसाशी प्रेक्षकाचे एकतर्फी पण खऱ्या स्नेहासारखे नाते जडते. व्लॉगरचा धंदा याच नात्यावर उभा आहे. स्वयंपाकघरातून, गाडीतून, आजारपणातूनही तो बोलतो, आणि मित्र म्हणून बोलतो. मित्राच्या भूमिकेत राहून विक्रेत्याचे काम करणाऱ्याविषयी जे दुःख होते त्यात द्वेषाचा अंश नसतो, दुखावलेला स्नेहच त्यात असतो. अर्थात या स्नेहाच्या जोरावर काही प्रेक्षक जी मागणी करतात तीही मला मंजूर नाही. व्लॉगरने मोठे घर घेतले, नोकरी सोडली, माणूस मदतीला ठेवला, म्हणून तो ‘बदलला’ असा ठपका ठेवणे, किंवा त्याच्या मिळकतीचा आकडा जाहीर मागणे, हा अधिकाराचा अतिक्रम आहे. किती मिळाले हे त्याचे खाजगी. कोणाकडून मिळाले, एवढेच प्रेक्षकाचे. त्याचप्रमाणे गर्दीचे सगळे खापर व्लॉगरांच्या माथी फोडणेही बरोबर नाही. जानेवारी २०२२ मध्ये डिस्ने वर्ल्डमधील एपकॉट उद्यानात फिगमेंट या डिस्नेच्या ड्रॅगनच्या आकाराच्या पॉपकॉर्नच्या भांड्यासाठी लोक तासन्‌तास रांगेत उभे राहिले, आणि पंचवीस डॉलरांची ती वस्तू बाहेर कितीतरी अधिक दराने विकली गेली. त्या उन्मादात कॅमेऱ्यांचा हात होता, पण फेरविक्री करणाऱ्यांचा आणि कंपनीच्या विक्रीधोरणाचाही होता.

खुलासा केला तर रसभंग होतो, आणि सगळ्यांना सगळे ठाऊकच असते, असा एक आक्षेप व्लॉगरांकडून येतो. सगळ्यांना ठाऊक असेल तर सांगण्याने काही बिघडत नाही, आणि सांगण्याने बिघडत असेल तर ते ठाऊक नव्हते. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००९ साली आपल्या मार्गदर्शक नियमांच्या कक्षेत ब्लॉगलेखकांना आणले आणि २०२३ साली ते नियम पुन्हा सुधारले. रोख रक्कम असो, वस्तू असो वा फुकट प्रवास, शिफारशीमागचा असा संबंध प्रेक्षकाच्या सहज लक्षात येईल अशा रीतीने उघड करावा, आणि चित्रफितीतील शिफारशीचा खुलासा चित्रफितीतच करावा, केवळ खालच्या मजकुरात दडवू नये, हे त्यांचे सार आहे. आपल्याकडेही केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये काढलेल्या सूचनांत फुकट सहल आणि हॉटेलातील मुक्काम हे मोबदल्यातच मोजले आहेत. खोपोलीच्या इमॅजिका या करमणूक-उद्यानात आमंत्रणावरून जाणाऱ्या मराठी व्लॉगरलाही ते बंधन आहे. ‘आजचे तिकीट कंपनीने दिले आहे’ हे एक वाक्य आरंभी उच्चारायला काही क्षण पुरतात, आणि ते उच्चारून मग मनमुराद स्तुती करणाऱ्या माणसावर मी आनंदाने विश्वास ठेवीन.

एका बाबतीत मात्र पहिल्या पक्षाची अस्वस्थता मी संपूर्ण स्वीकारतो, ती म्हणजे कॅमेऱ्यासमोर वाढणारी मुले. आईबाप व्लॉगर असले की राइडमधली मुलाची भीती, वाढदिवसाचा हर्ष, थकून केलेले रडणे, हे सर्व विक्रीचा माल होते, आणि त्या मालाचा मोबदला ज्याचा आहे त्याला करारनाम्यावर सही करण्याचे वयच नसते. चित्रपटांतील बालनटांच्या कमाईचे रक्षण करणारा कायदा कॅलिफोर्नियाने १९३९ सालीच, जॅकी कूगन या बालनटाची मिळकत आईने आणि सावत्र वडिलांनी उधळल्यानंतर केला. व्लॉगमधील मुलांसाठी तसे संरक्षण इलिनॉय राज्यात १ जुलै २०२४ पासून आणि कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून आले. इलिनॉयमध्ये सोळा वर्षांखालील मूल ठरावीक मुदतीतील चित्रणाच्या किमान तीस टक्के भागात दिसत असेल तर कमाईचा हिस्सा त्याच्या नावे विश्वस्त निधीत ठेवावा लागतो. पण व्लॉगर कुटुंब कोणत्या राज्यात राहते यावर मुलाचा हक्क अवलंबून राहू नये. जो प्रेक्षक त्या मुलाला रोज पाहतो, ज्याच्या पाहण्यानेच ती रक्कम निर्माण होते, त्याने प्रवासी संस्थेच्या दलालीविषयी विचारण्याआधी हे विचारले पाहिजे, की या मुलाचा वाटा त्याच्या नावे जमा होतो का. आणि आईबापांनी त्याचे उत्तर प्रायोजकाचे नाव ज्या स्पष्टपणे घेतले जाते त्याच स्पष्टपणे, चित्रफितीतच दिले पाहिजे.