कंपनीच्या जीपला राखीव किंमत, आमच्या कापसाला पडेल ती!



"बोलेरोत फिरता आणि वर कर्जमुक्ती मागता?" हा प्रश्न शहरातल्या पाहुण्यांपासून वर्तमानपत्रांच्या संपादकांपर्यंत सगळ्यांनी आम्हाला विचारून झाला आहे. गावात एखादी पांढरी मोठी गाडी दिसली की यांच्या पोटात दुखू लागते. ती गाडी कितीला आली, कोठून आली आणि कोणाच्या दारातून उचललेली होती, हे विचारायला मात्र कोणी थांबत नाही. तेच आज सांगायचे आहे, कारण आमच्यातले चौघे जण एका फायनान्स कंपनीच्या वाहन लिलावाला जाऊन आले.

गाडी मिरवायला नको होती. वेचणीच्या बाया शेजारच्या गावातून आणायच्या, बियाण्याच्या थैल्या आणि खताची पोती न्यायची, रात्री-अपरात्री बाळंतीण तालुक्याला पोचवायची. नवी घेण्याची ऐपत नाही. चौघांनी मिळून जुनी घ्यावी, असा बेत ठरला.

लिलावाची जागा म्हणजे डांबरी सडकेला लागून तारेचे कुंपण घातलेले एक वावर. कधी काळी तेथे ज्वारी डोलत असेल. आता ओळीने गाड्या उभ्या. बोलेरो, स्कॉर्पिओ, सुमो आणि मागच्या रांगेत ट्रॅक्टर. काचेवर खडूने आकडे टाकलेले. मागच्या काचांवर कोणाच्या लेकरांची नावे, कोणाचे कुलदैवत, कोठे 'आईची कृपा'. एका बोलेरोचा पुढचा खण उघडला तर आत कापसाची जुनी काटापट्टी निघाली आणि सीटच्या फटीत चार सरक्या. मालकाचे नाव आम्ही वाचले नाही. त्याचा धंदा कोणता आणि त्याचे काय झाले, ते नाव न वाचताच कळले. हप्ता दर महिन्याला भरायचा आणि कापूस वर्षातून एकदा निघायचा. त्यात बोंडअळीने किंवा पावसाने एक हंगाम खाल्ला की गाडी कुंपणाच्या आत.

आता लिलावाचे नियम ऐका. आधी बयाणा भरा. गाडी 'जशी आहे, जेथे आहे' घ्यायची. उद्या इंजिन बसले तर तक्रार नाही. आणि प्रत्येक गाडीला एक राखीव किंमत, तीही बोली लावणाऱ्याला न सांगितलेली. त्या सरकीवाल्या गाडीला आमचीच बोली सर्वांत वरची ठरली. आम्ही किल्ली मागितली. कारकून म्हणाला, "बोली वर मंजुरीला जाईल." आठ दिवसांनी निरोप आला की किंमत कमी पडते, गाडी देता येत नाही, बयाणा परत घेऊन जा.

आम्हाला राग आला नाही. माल त्यांच्या ताब्यात, पडलेली किंमत त्यांना परवडत नाही, म्हणून ते देत नाहीत. यालाच बाजार म्हणतात. लिलावाला आमचा कधीच विरोध नव्हता. खुल्या बाजाराची मागणी तर आपणच पुढे होऊन केली आहे.

पण त्याच आठवड्यात आमच्यातल्याच एकाचा कापूस बाजार समितीच्या आवारात उभा होता. तोही लिलावच. व्यापाऱ्याने मूठभर कापूस उचलला, दाबला, ओला म्हणाला आणि भाव बोलला. हमीभावाच्या कितीतरी खाली. कायदा म्हणतो, शेतकऱ्याला पसंत नसेल तर त्याने नाही म्हणावे. म्हणावे कसे? मॅटाडोरचे भाडे चढते आहे, ड्रायव्हर घाई करतो आहे, वेचणीच्या बायांची मजुरी द्यायची आहे आणि घरी ठेवायचा तर पत्र्याखालच्या गंजीला ठिणगीचे भय. आमच्या कापसालाही 'जसा आहे, जेथे आहे' लागू आहे, पण उलट्या बाजूने. गाडीच्या लिलावात तो नियम विकणाऱ्याला वाचवतो. इथे 'जेथे आहे' म्हणजे आम्ही अडकलो आहोत तेथे.

कोणी म्हणेल, तुम्हालाही हमीभाव आहेच की. आहे ना! २०२५-२६ च्या हंगामाला लांब धाग्याच्या कापसाला ८,११० रुपये, मध्यम धाग्याला ७,७१० आणि संकरित ज्वारीला ३,६९९ रुपये क्विंटल असे दिल्लीने जाहीर केले. फरक एवढाच, की कंपनीचा किमान भाव कंपनी ठरवते आणि त्याच्या खाली गाडी देत नाही. आमचा किमान भाव दिल्ली ठरवते आणि त्याच्या खाली व्यापारी घेतो. सीसीआयच्या केंद्रावर जावे तर आधी मोबाईलवर नोंदणी करा, मग ओलावा तपासा. ८ टक्क्यांच्या वर कपात आणि १२ टक्क्यांच्या वर गाडी परत. परत फिरलेल्या गाडीचे भाडे कोण देणार, ते कोणत्याही परिपत्रकात नाही.

हेही पुरले नाही. १९ ऑगस्ट २०२५ पासून सरकारने कापसावरचे ११ टक्के आयातशुल्क उठवले. आधी ३० सप्टेंबरपर्यंत म्हणाले, मग ३१ डिसेंबरपर्यंत वाढवले. म्हणजे नेमका आमचा कापूस घरात यायच्या काळात. त्या फायनान्स कंपनीच्या लिलावाच्या दिवशी सरकारने परदेशातून हजार जुन्या जीपा आणून त्याच वावरात उभ्या केल्या असत्या, तर कंपनीच्या साहेबांनी किती आरडाओरड केली असती, याची कल्पना करा.

आमच्या काही जुन्या कार्यकर्त्यांनी आम्हालाच फैलावर घेतले. जप्तीच्या लिलावात शेतकऱ्याने शेतकऱ्याच्या वस्तूवर बोली लावू नये, असे त्यांचे म्हणणे. त्यांचा अर्धा राग आम्हाला मान्य आहे. जमिनीचा, बैलांचा, भांड्यांचा लिलाव गावात होत असेल तर एकानेही बोली लावता कामा नये. पण गाडी एकदा शंभर कोसांवर नेली की आम्ही बोली न लावल्याने ती मालकाला परत मिळत नाही. दलाल स्वस्तात नेतो, इतकेच. १८७५ साली सुप्याच्या शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली. आज करारनामा संगणकात आहे, जाळणार काय? तो वाचावा लागेल.

म्हणून ज्याची गाडी हप्त्यावर आहे त्याने करारनामा बाहेर काढावा. फायनान्स कंपन्यांच्या करारात ताबा घेण्यापूर्वीची नोटीस, लिलावापूर्वी पैसे भरण्याची शेवटची संधी आणि विक्रीची पद्धत लिहिलेली असली पाहिजे, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. वसुलीवाल्याने सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही, हे २०२२ पासून लेखी आहे. गुंड लावून गाडी ओढून नेण्यावर सर्वोच्च न्यायालयाने २००७ सालीच ताशेरे ओढले आहेत. लिलावात येणे बाकीपेक्षा जास्त रक्कम आली तर वरचा पैसा तुमचा. हिशेब लेखी मागा. आणि गाडी गेली म्हणून सुटलो असे समजू नका. अपघाताच्या दिवशी आर.टी.ओ.च्या नोंदीत ज्याचे नाव तोच मालक, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली सांगितले आहे. तुमची गाडी दुसऱ्याने घेतली, नाव बदलले नाही आणि कोणी चाकाखाली आले, तर समन्स तुमच्या दारात येऊ शकते.

लिलावात घेणाऱ्यानेही चेसिस नंबर स्वतः ताडून पाहावा. थकलेला कर, दंड, विमा आणि नोंदणीची १५ वर्षे कधी संपतात ते पाहावे. कर्जाचा बोजा उतरल्याचा फॉर्म ३५, किंवा कंपनीने गाडी आपल्या नावावर करून घेतल्याचा कागद, हातात येईपर्यंत पूर्ण पैसे मोजू नयेत. तीस दिवसांत नाव बदलून घ्यावे. यात जितका आपला बचाव आहे तितकाच ज्याच्या दारातून ती गाडी गेली त्याचाही.

जिल्हा बैठकीत या विषयाला वेगळा वेळ ठेवला आहे. ज्यांच्या गाड्या, ट्रॅक्टर गेल्या तीन वर्षांत ओढून नेले, त्यांनी करारनामा, आलेल्या नोटिसा आणि लिलावाचा हिशेब मिळाला असल्यास त्याची प्रत आणावी. ज्यांना हिशेब मिळालाच नाही त्यांनी नुसता गाडीचा नंबर घेऊन यावे, मागणीचे अर्ज तेथेच लिहून देऊ. सोबत या हंगामातली कापसाची पट्टीही आणा. दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून पाहायचे आहेत.