गव्हाचा मामा आणि बरसीम

लखनौच्या अमीनाबाद बाजारात संध्याकाळी पाय ठेवायला जागा नसते. चिकनच्या कुर्त्यांची खरेदी आटोपली की पावले कुल्फीच्या दुकानाकडे वळतात. ती कुल्फी खाताना शेतीचा विचार कोण करील? पण कुल्फी म्हणजे आटवलेले दूध, आणि दुधामागे आला चारा. उत्तर प्रदेशात हिवाळाभर म्हशींच्या गव्हाणीत जो हिरवा चारा पडतो, त्यात बरसीमचा वाटा मोठा. १९०४ मध्ये इजिप्तमधून सिंधमध्ये आलेले हे पीक जनावरांना पोसते, तसेच जमिनीलाही.

हरितक्रांतीनंतर गंगेच्या मैदानात खरिपात भात आणि रब्बीत गहू ही जोडी पक्की झाली. कोठारे भरली. मात्र वर्षानुवर्षे तीच पिके घेतली की त्यांच्याशी जुळवून घेणारे तणही शेतात ठाण मांडते. गुल्ली-डंडा हे असेच एक तण. शेतकरी त्याला ‘गेहूँ का मामा’ म्हणतात. लोंबी येईपर्यंत हा मामा भाच्यासारखाच दिसतो, त्यामुळे खुरपणीत फसगत होते. गहू कापणीला येण्याआधीच तो आपले बी जमिनीवर झाडून मोकळा होतो. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला हरियाणात आयसोप्रोट्युरॉन हे नेहमीचे तणनाशकही त्याला लागू पडेना. हा उपद्रव सतत भात-गहू घेणाऱ्या शेतांत सर्वाधिक होता. मधूनमधून बरसीम, सूर्यफूल किंवा ऊस घेणाऱ्यांकडे तो बराच कमी आढळला.

कारण साधे आहे. बरसीमची कापणी हिवाळ्यात चार-पाच वेळा होते. चाऱ्याबरोबर तणही कापले जाते आणि त्याला बी धरायला सवडच मिळत नाही.

दुसरा लाभ जमिनीखाली होतो. बरसीमच्या मुळांवरील गाठींतले जिवाणू हवेतला नत्र बांधून ठेवतात. मुळे कुजली की त्यातला काही भाग पुढच्या भाताला मिळतो, आणि युरियाचा खर्च वाचतो.

उत्पन्नाचे काय? इंग्लंडमध्ये रोथॅमस्टेड येथे १८४३ पासून एकाच शेतात गव्हाचा प्रयोग चालू आहे. १९६८ मध्ये त्याच्या काही भागात पिकांची फेरपालट सुरू झाली. दुसऱ्या पिकानंतर घेतलेला गहू सततच्या गव्हापेक्षा सरस ठरला, कारण मुळे कुजवणाऱ्या रोगाची साखळी तुटली.

मग सगळेच शेतकरी फेरपालट का करीत नाहीत? गहू आणि भात यांना सरकारी हमीभावाने खरेदीचा आधार असतो. बरसीमला मात्र दारात जनावरे हवीत, नाही तर रोजचे गिऱ्हाईक. कुटुंबाचे वर्ष ज्या पिकावर चालते, ते सोडणे सोपे नसते. त्यांच्यासाठी मधला मार्ग आहे. गहू निघाल्यावर आणि भात लावण्यापूर्वी, पाण्याची सोय असेल तर, साठ-सत्तर दिवसांचा उन्हाळी मूग घ्यावा. शेंगा तोडून झाडे जमिनीत गाडावीत. किंवा सगळे शेत न बदलता दरवर्षी एखादाच तुकडा बदलावा.

मराठी शेतकऱ्याला हे नवे नाही. आधीच्या पिकाने मागे ठेवलेल्या गुणाला तो ‘बेवड’ म्हणतो आणि कडधान्याचा बेवड चांगला मानतो. पण कडधान्यालाही पालट लागतोच. एकाच रानात वर्षामागून वर्षे हरभरा घेतला तर मर रोग बळावतो. रोज एकच भाजी वाढली तर घरातली माणसे कुरकुरतात. जमीन बोलत नाही. ती उत्पन्नातून सांगते.