वस्तूंचा पदच्छेद

कॅनडांतील टोरांटो शहरचे छायाचित्रकार टॉड मॅक्लेलन यांचा एक चित्रग्रंथ 2013 सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत नित्य वापरांतील पन्नास वस्तू सुट्या करून दाखविल्या आहेत. टंकयंत्र, घड्याळ, पिआनो, इतकेंच काय, दोन आसनांचें लहान विमानसुद्धां त्यांनीं खिळ्या-स्क्रूपर्यंत उकललें. एका प्रकारच्या चित्रांत सारे भाग शिस्तीनें ओळीनें मांडलेले असतात. दुसऱ्या प्रकारांत तेच भाग वरून सोडून, हवेंत असतांनाच क्षणार्धांत टिपलेले. पहिलें चित्र पाहून मन स्थिर होतें, दुसरें पाहून दचकतें. भाग तेच, भेद काय तो मांडणीचा.

वाचकांपैकीं वडील मंडळी विचारतील, मोडतोडीस कला कशी म्हणावी? शंका रास्त आहे. परंतु ज्यांनीं थोडें संस्कृत घोकलें आहे त्यांस हा व्यवहार अपरिचित नाहीं. व्याकरण या शब्दाचा मूळ अर्थच उकलून वेगळें करणें असा आहे. शाकल्यांनीं ऋग्वेदाचा पदपाठ सिद्ध केला, तेव्हां संधींत मिसळून गेलेलें प्रत्येक पद सुटें केलें. त्यानें ऋचा मोडली नाहीं. उलट तिचा एकही वर्ण हरवूं नये अशी तजवीज झाली. पुढें क्रमपाठांत तींच पदें दोन-दोन गुंफून म्हटलीं जाऊं लागलीं. सोडविणें आणि जोडणें हीं एकाच विद्येचीं दोन अंगें होत.

खुद्द कॅमेऱ्याच्या बाबतींतही महाराष्ट्रानें हेंच पाहिलें आहे. कोल्हापूरचे आनंदराव व बाबूराव पेंटर हे मेस्त्री घराण्यांतील बंधु. चलच्चित्राच्या ध्यासानें त्यांनीं यंत्राची रचना अभ्यासून कॅमेरा स्वतःच घडविण्यास घेतला. 1916 सालीं आनंदराव निवर्तले व काम अर्धें राहिलें. बाबूरावांनीं विष्णुपंत दामले यांच्या साहाय्यानें तें 1918 च्या सुमारास पुरें केलें. 1920 सालीं त्यांचा ‘सैरंध्री’ हा मूकपट पडद्यावर आला. यंत्र उकलून पाहण्याची ज्यांस भीति वाटते त्यांच्या हातून असें कार्य होत नाहीं.

आमच्या तळ्याकाठच्या धामापुरांत पावसाळ्याची दमट हवा लोखंडास गंज आणि पितळेस हिरवें किटण आणते. त्यामुळें कित्येक घरांतील लंबकाचीं घड्याळें भिंतीवर केवळ शोभेस उरलीं आहेत. गेल्या मे महिन्यांत आमच्या नातवंडांनीं असेंच एक घड्याळ पडवींत जुन्या धोतरावर उघडलें. प्रथम कमानीचा ताण किल्ली धरून हळूहळू उतरविला. ती एकदम सुटली तर हातास इजा होते. मग जो भाग ज्या क्रमानें निघाला त्याच क्रमानें मांडला, आणि त्याचा स्क्रू त्याच्याच शेजारीं ठेविला. थेट ऊन टाळून मोबाईलनें बरोबर वरून चित्र घेतलें. तें सुरेख आलें. मोबाईलचें स्वतःचें कवच मात्र चिकटवून बंद केलेलें. तो उघडण्याची सोय नाहीं.

परंतु नांवें लिहूं लागतांच अडलें. तबकडी, काटे, लंबक, कमान, ठोक्याची हातोडी येथपर्यंत मुलांनीं मजल मारली. आंतील दातेरी चाकांना घड्याळजी काय म्हणत, हें सांगणारा कारागीर आतां गांवांत नाहीं. जात्याचा खुंटा व माकडी, विळीचा पाट व पातें हीं नांवें घरांतील आजींस अजून ठाऊक आहेत. तीं विचारण्याचें कोणास सुचत नाहीं, इतकेंच. वस्तु भंगारांत जाते ती मागाहून. तिच्या अवयवांचीं नांवें तिच्याआधींच जातात.

म्हणून आमची सूचना अशी कीं, जुनी वस्तु भंगारवाल्याच्या स्वाधीन करण्यापूर्वीं ती मुलांकडून, वडिलांच्या देखत, एकदां उघडवावी. चित्र घ्यावें आणि प्रत्येक भागाखालीं नांव लिहावें. नांव ठाऊक असेल तो सुतार असो, कल्हईवाला असो, घरची मोलकरीण असो, त्यास मानानें बसवून विचारावें. मग जमेल तितकें पुन्हा जोडावें.

आमचें घड्याळ तिसऱ्या दिवशीं चालूं झालें. मात्र दिवसाकांठीं दहा मिनिटें मागें पडतें. लंबकाची चकती वर चढविली कीं गति वाढते, हें मुलांस आतां उमगलें आहे. रोज थोडी थोडी वर चढवून पाहणें चालूं आहे.